हातात धरून काढायचंय, मग वापरलेली टेलिझूम घेऊ का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतायत. लांबचं काढायला टेलिफोटो झूम हवीये, नवीन परवडत नाही, ट्रायपॉड घेऊन फिरायचं नाहीये, मग वापरलेली लेन्स घ्यावी का आणि घेताना नेमकं काय बघावं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आणि हे सगळे एकत्र घेतले. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती येणारे: लेन्स जशी वापरणार आहात तशीच तपासा, म्हणजे हातात धरून, सगळ्यात लांब टोकाला, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक, एफ/ चा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडं ठेवून. हातातून काढणारा माणूस शटर स्पीड वाचवण्यासाठी कायम तिथेच राहतो, एफ/११ ला लेन्स किती सुंदर आहे याचा त्याला फारसा उपयोग नसतो.

प्रश्न: माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे. मला दोन वापरलेल्या लेन्स साधारण सारख्याच पैशात मिळतायत. एक जुनी ७०-२०० एफ/२.८, पण स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही. दुसरी ७०-३०० एफ/४.५-५.६, स्टॅबिलायझरवाली. मुलीच्या फुटबॉलच्या मॅचेस काढायच्यात आणि थोडे पक्षी. कुठली घेऊ?

तुमचे दोन विषय दोन उलट गोष्टी मागतायत म्हणून गोंधळ होतोय. पळणाऱ्या मुलीला गोठवायचं तर शटर १/८०० किंवा १/१००० च्या आसपास लागतंच, आणि तिथे स्टॅबिलायझर काहीही करू शकत नाही, तो फक्त तुमचा हात सांभाळतो, तिचे पाय नाही. तिथे कामाला येतो तो उजेड. एफ/२.८ आणि एफ/५.६ मध्ये दोन स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे चौपट उजेड, म्हणजे जिथे एकीला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागेल तिथे दुसरीचं १६०० वर भागेल. पक्ष्यांचं मात्र वेगळं, फांदीवर शांत बसलेला पक्षी लांब असतो, तिथे ३०० मिमी पाहिजे आणि २०० नेहमीच कमी पडते. बसलेल्या पक्ष्याला १/२०० सुद्धा पुरतं पण तेवढ्यात तुमचा हात हलतो, म्हणून तिथे स्टॅबिलायझर खरंच पैसे वसूल करतो.

जुना ठोकताळा असा की शटर निदान एक भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमी चा आकडा) एवढं वेगवान हवं, आणि क्रॉप सेन्सर असेल तर फोकल लेंथला आधी १.५ ने गुणायचं, कॅनन असेल तर १.६ ने. म्हणजे ३०० मिमी ला साधारण १/५००. हा ठोकताळा फिल्मच्या जमान्यातला आहे, तेव्हा कोणी फोटो शंभर टक्के मोठा करून स्क्रीनवर बघत नव्हतं, त्यामुळे तुमच्या २४ मेगापिक्सेलवर स्टॅबिलायझर नसताना १/८०० धरलं तर बरं. चांगला चार स्टॉपचा स्टॅबिलायझर असेल तर १/५०० वरून कागदावर १/३० पर्यंत खाली जाता येतं, प्रत्यक्षात १/६० ते १/१२५ ला भरवशाचे फोटो मिळतात असं धरा आणि त्याखाली जे मिळेल ते नशिबाचं.

आता वजन, हे कोणी विचारतच नाही. त्या जातीच्या एफ/२.८ लेन्स सव्वा ते दीड किलोच्या असतात, कॅननची ७०-२०० एफ/२.८ आयएस टू १४९० ग्रॅमची आहे. निकॉनची २००६ सालची ७०-३०० व्हीआर ७४५ ग्रॅम, म्हणजे बरोबर अर्धी. अख्खी मॅच हातात धरून बघा म्हणजे कळेल, दुसऱ्या हाफमध्ये हात थरथरायला लागतो आणि मग लेन्स कितीही भारी असली तरी उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर मॅचेस दिवसाउजेडी असतील तर ७०-३०० डोळे झाकून घ्या, दोन्ही कामं होतील. मॅचेस संध्याकाळी किंवा दिव्यांखाली असतील तर एफ/२.८ शिवाय मार्ग नाही, मग ती घ्या आणि पक्ष्यांसाठी पुढे कधीतरी १.४एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी जोडभिंगं) बघा, त्याने ती साधारण २८० एफ/४ होते. पण तो कन्व्हर्टर त्या लेन्सवर बसतो ना आणि ऑटोफोकस चालतो ना हे आधी बघून घ्या.

आणि हो, नावावर जाऊ नका, नावातल्या अक्षरांवर जा. स्टॅबिलायझरची खूण म्हणजे कॅननला आयएस, निकॉनला व्हीआर, सिग्माला ओएस, टॅमरॉनला व्हीसी, सोनीला ओएसएस, पॅनासॉनिक आणि फुजीला ओआयएस. कॅननची ७५-३०० आयएस १९९५ मध्ये आली, एसएलआरसाठीची ती जगातली पहिली स्टॅबिलायझरवाली लेन्स, आणि ७५-३०० याच आकड्याच्या बिनस्टॅबिलायझरच्या लेन्स तर ढिगाने फिरतायत. आकडे तेच, लेन्स वेगळी. जाहिरातीत नुसतं "७५-३००" किंवा "७०-३००" लिहिलं असेल तर बॅरलवरच्या, म्हणजे लेन्सच्या नळीवरच्या, नावाचा फोटो मागवा. टॅमरॉनची ७०-३०० व्हीसी सोनीच्या जुन्या ए-माउंटला येते तेव्हा तिच्यात व्हीसी नसतोच, कारण त्या बॉडीत सेन्सरच हलून स्थिर करतो.

प्रश्न: विकणारे गृहस्थ म्हणाले या आणि अर्धा तास काय ते तपासून घ्या. अर्ध्या तासात कुठल्या क्रमाने काय काय बघू? मला यातलं फार कळत नाही.

अर्धा तास भरपूर आहे आणि देतायत म्हणजे माणूस सरळ दिसतोय. आपली बॉडी, आपलं कार्ड, भरलेली बॅटरी, एक छोटा एलईडी टॉर्च घेऊन जा. लॅपटॉप नेता आला तर फारच छान, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं. आणि शक्यतो सकाळी जा, कारण पुढच्या प्रश्नात येईल.

आधी कॅमेऱ्याला न लावता नुसती हातात घ्या. माउंटचे (लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडते त्या कडीचे) स्क्रू बघा, त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी उघडलेली आहे, मग का उघडली ते विचारा. फिल्टर जिथे बसतो त्या रिंगला चेपलेली जागा आहे का बघा, तिथे पोचा असेल तर लेन्स तोंडावर पडलेली आहे आणि आतलं एखादं भिंग तिरकं झालेलं असू शकतं. झूम रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, मध्ये कुठे अडकायला, खरखरायला नको. मग पूर्ण लांब करून पुढची नळी हलकेच हलवून बघा, थोडा खेळ बहुतेक सगळ्या झूममध्ये असतो पण लडबडत असेल तर नको. तोंड खाली करून धरली की नळी आपोआप घसरत असेल तर तो मोठा दोष नाही, जड झूममध्ये वापराने होतं तसं, फक्त भावात धरा.

लेन्स हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं म्हणून चांगल्या लेन्स परत करणारे लोक असतात. स्टॅबिलायझरचं भिंग करंट नसताना मोकळं असू शकतं आणि फुजीच्या लिनियर मोटरवाल्या काही लेन्सेसमध्ये तर कॅमेरा बंद असला की आतला भाग चांगलाच टकटकतो. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला म्हणजे झालं.

मग टॉर्च. मागून उजेड टाकायचा आणि पुढून थोडं तिरकं बघायचं, मग उलट, आणि हे झूम पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर असं दोन्हीकडे. टॉर्चच हं, लेन्समधून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, टेलिफोटोने डोळा कायमचा जाऊ शकतो. बुरशी म्हणजे फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक धाग्यांची दिसते, बहुतेक वेळा कडेने सुरू झालेली. हेझ म्हणजे सगळ्या भिंगावर एकसारखा धुरकट पडदा, तो समोरून दिसत नाही पण तिरक्या उजेडात लगेच दिसतो. कडेला इंद्रधनुषी चट्टे असतील तर चिकटवलेली भिंगं सुटायला लागलीयत, तिथून सरळ निघून या.

आता कॅमेऱ्याला लावा. झूमच्या तीन ठिकाणी, आखूड, मध्ये आणि लांब, ॲपर्चर पूर्ण उघडं, मग एफ/८, मग एफ/१६ असे फोटो एकाच भिंतीचे काढा, ॲपर्चर आपण ठरवायचा ए मोड (कॅननला एव्ही) लावून. सगळ्यांचा उजेड सारखा यायला पाहिजे. एफ/१६ चा फोटो भलताच उजळ आला तर ॲपर्चरची पाती वेळेवर मिटत नाहीयेत, बहुतेक तेल आलंय. आणि एफ/८ ला कॅमेरा एरर दाखवून बंद पडला पण उघड्या ॲपर्चरवर मात्र चालतो, असं झालं तर आतली रिबन केबल तुटत आलीये किंवा लेन्स आणि बॉडीचं एकमेकांशी जुळत नाहीये. फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या कॅनन माउंटच्या लेन्स डिजिटल बॉडीवर अगदी असंच करतात, पूर्ण उघड्यावर चालतात आणि ॲपर्चर बारीक केलं की एरर. नुसते उघड्या ॲपर्चरवर चार फोटो काढून आनंदात घरी आलेल्या माणसाला हे नंतर कळतं, म्हणून ही पायरी सोडू नका.

ऑटोफोकस तपासायला आधी जवळच्या वस्तूवर फोकस करा, मग लांबच्या, मग परत जवळच्या, असं बऱ्याचदा, लांब टोकाला ठेवून. एका झटक्यात लागायला हवा. पुढेमागे शोधत बसत असेल किंवा मोटर किंचाळल्यासारखा आवाज करत असेल तर ती थकलीये. (बॅरलवर फोकस लिमिटचं बटण असेल तर ते आधी "फुल"वर करा, नाहीतर जवळचं फोकस होत नाही म्हणून लेन्सला उगाच नावं ठेवाल.) मग एकाच वस्तूचे दहाएक फोटो, प्रत्येक वेळी फोकस मोडून परत लावून. सगळे सारखेच थोडे पुढे फोकस झालेत तर काळजी नाही, वरच्या श्रेणीच्या डीएसएलआरमध्ये फोकस थोडा पुढेमागे सरकवायचं फाइन ट्यून सेटिंग असतं त्यात दुरुस्त होतं. काही शार्प काही पुढे काही मागे असं असेल तर ती लेन्स घेऊ नका, त्याला सेटिंगमध्ये इलाज नाही. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) फोकस सेन्सरवरूनच होतो म्हणून हा पुढे-मागेचा कटकट्या प्रकार जवळजवळ नसतोच.

स्टॅबिलायझर. लांब टोकाला शटर अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा, साधारण सेकंदाभरात चित्र थबकल्यासारखं स्थिर व्हायला हवं, हलकी घूं ऐकू येईल ती चालते. चित्र उड्या मारत असेल, एका बाजूला सरकत राहत असेल, तर बिघाड आहे आणि ही दुरुस्ती स्वस्त नसते. मग १/६० वर स्टॅबिलायझर चालू ठेवून एक ओळीने फोटो काढा आणि बंद करून तेवढेच काढा. चालूमधले बहुतेक शार्प आणि बंदमधले बहुतेक हललेले असा स्वच्छ फरक दिसला की पास. फरकच दिसत नसेल तर स्टॅबिलायझर फक्त नावाला आहे.

शेवटचं म्हणजे भिंगं सरळ आहेत का. यासाठी लोक विटांच्या भिंतीसमोर उभे राहतात पण भिंतीला अगदी काटकोनात हातात कॅमेरा धरणं अशक्यच, मग कडा सॉफ्ट आली तर दोष लेन्सचा का तुमच्या उभं राहण्याचा हे कळत नाही. त्यापेक्षा तीस-चाळीस मीटरच्या आतलं एकच काहीतरी बारीक तपशिलाचं निवडा, अँटेना म्हणा, टाकीची शिडी म्हणा. ते फ्रेमच्या डाव्या कडेला आणा, फोकस पॉइंट तिथेच नेऊन फोकस करा, फोटो काढा, मग उजव्या कडेला आणून तसंच. शटर चांगलं वेगवान ठेवा म्हणजे हाताचा हिशेब मध्ये येणार नाही. दोन्ही कडा सारख्याच थोड्या सॉफ्ट असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. एक कडा स्वच्छ आणि दुसरी पुसट असेल तर या नगाला मार बसलाय. शंका वाटली तर कॅमेरा उलटा धरून परत काढा, पुसटपणा फोटोतल्या त्याच बाजूला राहिला तर तो लेन्सकडूनच येतोय, समोरच्या वस्तूचा नाही.

एवढं करूनही दहा मिनिटं उरतील. ती दहा मिनिटं काहीही न तपासता नुसती वापरा. रस्त्यावरचं, झाडावरचं, जे दिसेल ते काढा, मनगटाला कशी वाटते, झूम रिंग बोटाला सापडते का, तुमच्या डाव्या हाताची पकड तिच्याशी जमते का. याला कुठल्या चार्टमध्ये जागा नाही पण रोज वापरताना हेच आड येतं.

प्रश्न: मी ७०-३०० घेतली, आता महिनाभराने वाटतंय फसलो. ३०० ला सगळंच सॉफ्ट येतंय. लेन्स खराब आहे ना?

असेलही, पण तुमच्या पत्रावरून मला अजून तसं म्हणता येत नाही, कारण ३०० मिमी ला फोटो सॉफ्ट यायची निदान चार कारणं आहेत आणि त्यातलं लेन्स हे एकच. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात "दुपारी, टेकडीपलीकडची घरं, १/२५०, यूव्ही फिल्टर लावलेला" असं लिहिलंय आणि यात मला तीन संशयित आत्ताच दिसतायत.

पहिला म्हणजे हवा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि तिच्यातून येणारा उजेड सतत वाकत असतो, त्यामुळे लांबच्या वस्तूचा तपशील वितळल्यासारखा होतो. जगातली सगळ्यात महाग लेन्ससुद्धा यातून शार्प फोटो काढू शकत नाही, स्टॅबिलायझरचाही उपयोग नाही आणि शटर वाढवून पण फक्त वेगवेगळ्या आकारात वाकडी झालेली घरं मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे, एकामागून एक फोटो काढा आणि पलटून बघा, सरळ कडा प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी वाकलेली दिसली तर ती हवा. म्हणूनच वर म्हटलं की तपासायला सकाळी जा आणि वस्तू तीस-चाळीस मीटरच्या आतली घ्या.

दुसरा यूव्ही फिल्टर. आखूड लेन्सवर साधा फिल्टर खपून जातो पण ३०० ला काचेतला बारीकसा दोषही फोटोत उतरतो. काढून टाका आणि तेच परत काढा. फरक पडला तर आपला प्रश्न फुकटात सुटला.

तिसरा तुमचा हात, १/२५० ला. कॅमेरा भक्कम काहीतरी बघून टेकवा, टेबल चालेल, खाली उशी चालेल, स्टॅबिलायझर बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र मोठं करून फोकस करा. हा तुमचा मापदंडाचा फोटो. आता तोच व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने, तसाच टेकवून. मग तोच हातात धरून, स्टॅबिलायझर चालू करून. पहिला शार्प आणि दुसरा सॉफ्ट असेल तर दोष फोकसचा. दोन्ही शार्प आणि तिसरा सॉफ्ट तर हाताचा. पहिलाच सॉफ्ट असेल तर मग मात्र लेन्सकडे बोट दाखवा, आणि तेव्हाही एकदा एफ/८ ला काढून बघा, कारण या जातीच्या बहुतेक झूम ३०० ला पूर्ण उघड्यावर थोड्या मऊ असतात आणि ॲपर्चर एक स्टॉप बारीक केलं की सावरतात. २५० पर्यंत झूम करून थांबलात तरी बराच फरक पडतो. एफ/८ लाही गढूळ येत असेल तर तुमचा संशय खरा.

धरण्याबद्दल पण लिहितो कारण खूप जणांचं इथे चुकतं. डावा हात लेन्सच्या खाली, तळवा वर, वजन तळव्यावर, बॉडीच्या खाली नाही. कोपरं बरगड्यांना टेकलेली. श्वास सोडता सोडता शटर दाबायचं, खटकन नाही, हळूहळू. आणि एकेक न काढता तीन-चारची छोटी बर्स्ट मारायची, बटण दाबताना आणि सोडताना हात हलतो त्यामुळे मधला फोटो बऱ्याचदा सगळ्यात शार्प निघतो. एवढ्यानेच कित्येकांची "खराब" लेन्स चांगली झालेली मी बघितलीये.

आणि आयएसओ वाढवायला घाबरू नका हो. दाणेदार पण शार्प फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही.

प्रश्न: लेन्स छान आहे पण आत धूळ दिसतेय आणि पुढच्या काचेवर एक बारीक ओरखडा आहे. विकणारा म्हणतो फरक पडत नाही. खरं बोलतोय का?

खरं बोलतोय. टेलिफोटोच्या पुढच्या काचेवरचं काहीही फोकसपासून इतकं लांब असतं की ते फोटोत आकार म्हणून येत नाही, धुळीचे थोडे कण तर प्रत्येक वापरलेल्या झूममध्ये असतात, हवा आतबाहेर होते म्हटल्यावर येणारच. ओरखड्याचा त्रास झालाच तर समोर उजेड असताना थोडी चमक येते, त्यामुळे खिडकीकडे तोंड करून एक फोटो काढून बघा. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र वेगळी गोष्ट, ती काच सेन्सरच्या जवळ असते, तिथे सूट देऊ नका.

बुरशीला माझा नियम कडक आहे, कितीही कमी असली आणि कितीही स्वस्त असली तरी नको. साफ करता येते हे खरंय, पण ती काचेवरचं कोटिंग खाऊन खूण ठेवून जाते, शिवाय झूमच्या आतल्या भिंगांपर्यंत पोचायचं म्हणजे सगळी उघडावी लागते आणि परत नीट सरळ बसवणं हे प्रत्येकाचं काम नाही. तुमची लेन्स चांगली असेल तर तिला कोरडं ठेवा, ४० ते ५० टक्के आर्द्रता, बंद चामडी केसमध्ये वर्षभर टाकून ठेवू नका.

प्रश्न: निकॉन डी ३१०० साठी ७०-३०० बघतोय, तीन-चार प्रकारच्या दिसतात. कुठलीही चालेल?

नाही, आणि विचारलंत हे फार बरं केलंत. तुमच्या बॉडीत फोकस मोटर नाही. त्यामुळे जुन्या एएफ किंवा एएफ-डी लेन्स बसतील पण ऑटोफोकस होणार नाही, स्वस्तातली ७०-३०० जी त्यातलीच. २००० सालची ८०-४०० व्हीआर सुद्धा त्यातलीच, स्टॅबिलायझर आहे पण फोकसला बॉडीची मोटर लागते. दुसऱ्या टोकाला नव्या एएफ-पी लेन्स आहेत, त्या हलक्या, शांत, सुंदर आहेत पण डी ३१००, डी ५१००, डी ७०००, डी ९० अशा बॉड्यांवर त्यांचा फोकसच चालत नाही, हातानेही नाही, कारण रिंगसुद्धा इलेक्ट्रॉनिक आहे. तुम्हाला मधली पाहिजे, एएफ-एस ७०-३०० व्हीआर, तिच्यात फोकसची मोटर लेन्समध्येच असते. बॅरलवर एएफ-एस आणि व्हीआर दोन्ही लिहिलेलं बघून मगच पुढचं बोला.

कॅननवाल्यांसाठी जाता जाता: ईएफ लेन्स सगळ्या ईओएस डीएसएलआरवर चालतात, ईएफ-एस फक्त क्रॉपवर, आणि दोन्ही आरएफ मिररलेसवर ॲडाप्टरने उत्तम चालतात. म्हणून वापरलेल्या ईएफ लेन्स घेणं हा सध्या चांगलाच व्यवहार आहे. हलकी हवी असेल तर ईएफ-एस ५५-२५० एसटीएम बघा, ३७५ ग्रॅम, २०१३ ची, आणि त्या आकाराला न शोभेल इतकी शार्प. फक्त एसटीएम हे अक्षर बघून घ्या, तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या तेवढ्या चांगल्या नाहीत.

प्रश्न: माझं वय बासष्ट. निवृत्तीनंतर पक्षी बघायला लागले आणि आता फोटोही काढावेसे वाटतात. ग्रुपमधले सगळे १५०-६०० घ्या म्हणतात. माझं उजवं मनगट दुखतं, ट्रायपॉड झेपत नाही. काय करू?

ताई, १५०-६०० घेऊ नका. लेन्स उत्तमच आहेत, पण सिग्माची त्यातली हलकी, कंटेम्पररी म्हणतात ती, तीसुद्धा १९३० ग्रॅमची आहे, निकॉनची २००-५०० कॉलर (ट्रायपॉडला लावायची कडी) धरून २३०० ग्रॅम, वर कॅमेरा वेगळा. ही वजनं तरुण माणसालाही पाचेक मिनिटांच्या वर डोळ्याला लावून ठेवणं जड जातं, आणि पक्षी नेमका सहाव्या मिनिटाला समोर येतो. ज्या लेन्सने मनगट दुखेल ती कपाटात राहील, मग तिच्या ६०० मिमी चा काय उपयोग.

तुमच्यासाठी मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत बघा असं मी मनापासून सांगेन. तिचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे ३०० मिमी ची लेन्स फुल फ्रेमच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) ६०० मिमी एवढी जवळ नेते, आणि पॅनासॉनिकची १००-३०० फक्त ५२० ग्रॅमची आहे, स्टॅबिलायझर आतच. ऑलिम्पसची ७५-३०० त्याहून हलकी, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही, तो बॉडीत असावा लागतो. ऑलिम्पसच्या बॉड्यांमध्ये असतो, पॅनासॉनिकच्या जुन्या बऱ्याच बॉड्यांमध्ये नसतो, तेवढी जोडी चुकू देऊ नका. उजेड कमी असताना आणि उडत्या पक्ष्यांना ही जोडी मोठ्या लेन्सच्या मागे पडते हे खरं, सांगायला हवं. पण सकाळच्या उन्हात फांदीवरचा पक्षी तुम्ही आरामात काढाल, तोही न दमता.

घ्यायच्या आधी ती हातात घेऊन दहा मिनिटं सलग डोळ्याला लावून बघा. मनगट काय म्हणतंय ते ऐका, ग्रुपचं नंतर.

प्रश्न: स्टॅबिलायझर चालू असून, १/४० ला काढून, नाचणाऱ्या मुलांचे फोटो हललेले येतात. स्टॅबिलायझर बिघडलाय का?

मागचा पडदा, भिंत, खुर्च्या शार्प आहेत का बघा. असतील तर स्टॅबिलायझरने त्याचं काम चोख केलंय, मुलं हललीयत. शटर १/४०० च्या वर न्या, आयएसओ वाढवा.

प्रश्न: ओढून-ढकलून झूम होणारी जुनी कॅनन १००-४०० मिळतेय. लोक म्हणतात ती धूळ ओढते. घेऊ का?

१९९८ ची ती. धूळ थोडी जाते, पण वर लिहिलंय तसं धुळीने फोटो बिघडत नाही. माझी काळजी दुसरी आहे, तिचा स्टॅबिलायझर जुन्या पिढीचा, सुमारे दोन स्टॉपचा, आणि २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीचा चार स्टॉपचा, म्हणजे हातातून काढताना १/२५० आणि १/६० एवढा फरक. शिवाय इतक्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळणं अवघड होत जातं. पक्षी उन्हातच काढणार असाल आणि भाव खरंच उतरलेला असेल तर घ्या, ओढून झूम करणं उडत्या पक्ष्यामागे फार पटकन होतं, काहींना तेच आवडतं. झूम घट्ट-सैल करायची जी रिंग असते ती नीट चालते का तेवढं फिरवून बघा, आणि ४०० ला, एफ/५.६ ला, हातात धरून काढलेले फोटो घरी मोठे करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.